अनिश्चित कणांचे निश्चित जग

२ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहण आहे. चंद्राची सावली स्पेनच्या दक्षिण टोकावर कधी टेकेल आणि इजिप्तमधल्या लक्झर शहरावरून कधी सरकेल, हे आज सेकंदाच्या हिशेबात सांगता येते. त्याच चंद्राच्या मातीत थोरियम आणि युरेनियमचे अणू आहेत. त्यांतला एखादा ठरावीक अणू पुढच्या मिनिटाला फुटेल की आणखी अब्ज वर्षे तसाच राहील, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. आपल्याजवळ पुरेशी माहिती नाही म्हणून नव्हे. क्वांटम सिद्धांताच्या प्रचलित मांडणीनुसार अशी माहिती निसर्गातच नाही. चंद्र तर अशाच अणूंचा बनलेला. ज्याच्या एकाही अणूची हमी देता येत नाही, त्या अख्ख्या चंद्राची हमी मग आली कुठून?

याचे ठरलेले उत्तर असे, की प्लँकचा स्थिरांक अतिशय लहान आहे, म्हणून मोठ्या वस्तूंत क्वांटम परिणाम जाणवत नाहीत. कॉलेजात बहुधा एवढ्यावरच विषय संपतो. हे उत्तर खोटे नाही, पण सगळा भार त्याच्यावर टाकला की ते मोडते. ते नेमके कुठे मोडते, यातच या विषयाचा गाभा आहे असे मला वाटते. माझे म्हणणे असे, की रोजच्या जगातली निश्चितता निसर्गाच्या तळाशी नाही. ती आपल्या पातळीवर, काही अटी पुऱ्या झाल्या तरच, तयार होते. आणि त्यांतली सर्वांत मोठी अट ही, की वस्तू एकटी असता कामा नये.

नियतत्ववादाची सर्वांत ठाशीव मांडणी पिएर सिमाँ लाप्लास यांनी १८१४ मध्ये केली. विश्वातल्या प्रत्येक कणाची आजची जागा आणि वेग ज्या बुद्धीला ठाऊक आहे, तिला भूत आणि भविष्य दोन्ही डोळ्यांपुढे दिसेल, असे ते म्हणाले. हे त्यांनी लिहिले ते संभाव्यतेवरच्या निबंधात. म्हणजे संभाव्यतेची गरज आपल्याला अज्ञानामुळे पडते, निसर्गाला ती पडत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे हा विचार ‘ललाटी लिहिले आहे’ याच्याशी सहज जोडला जातो, पण दोन्हींत मोठा फरक आहे. नशीब मानणारा म्हणतो की तुम्ही काहीही केले तरी शेवट ठरलेला. लाप्लास म्हणतात की आजचे सगळे नेमके ठरले की उद्याचे ठरते. आज तसूभर वेगळा असेल तर उद्याही वेगळा. या ‘तसूभर’ शब्दाकडे पुढे परत यावे लागेल.

क्वांटम सिद्धांताने लाप्लासला उलथून टाकले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. श्रोडिंगर यांचे १९२६ चे समीकरण न्यूटनच्या नियमांइतकेच काटेकोर आहे. आजचे तरंगफलन दिले की उद्याचे मिळते, मध्ये नशिबाला जागाच नाही. नशीब शिरते ते मोजमाप करताना. त्याच वर्षी माक्स बोर्न यांनी तरंगफलनाचा अर्थ लावला: त्याच्या वर्गावरून कण कुठे सापडण्याची शक्यता किती, ते कळते. हा वर्गाचा नियम त्यांच्या लेखात तळटीपेत आला आणि त्यासाठीच्या नोबेलला १९५४ उजाडले. तेव्हा खरी रचना अशी आहे: तळाशी काटेकोर समीकरण, त्यावर मोजमापातला जुगार, आणि त्याच्याही वर ग्रहणाच्या वेळापत्रकाची निश्चितता. मधल्या जुगारातून वरचे वेळापत्रक कसे निघाले, हे सांगायचे आहे.

एक वाट सोपी आहे आणि ती लवकर संपते. कार्बन-१४ चा एखादा अणू कधी फुटेल ते ठाऊक नाही, पण अब्जावधी अणू घेतले तर ५,७३० वर्षांत त्यांतले निम्मे फुटतात. घोड नदीकाठच्या इनामगावात सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ याच हिशेबाने ठरवता आला. मोठ्या संख्येत विचलने एकमेकांना खाऊन टाकतात. विमा कंपन्याही याच जोरावर चालतात. पण यातून मिळते ती सरासरी. चंद्र एका विशिष्ट क्षणी एका विशिष्ट जागी असतो आणि विशिष्ट मार्गाने पुढे जातो, ही सरासरी नव्हे, हा मार्ग आहे. क्वांटम तरंग पसरतात, एकाच वेळी अनेक जागी असतात, एकमेकांत मिसळतात. त्यांतून एकच मार्ग का उरावा?

त्याचे पहिले खरे उत्तर रिचर्ड फाइनमन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मिळते. तिचे बीज डिरॅक यांच्या १९३३ च्या लेखात होते. कण एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना कल्पना करता येतील तेवढ्या सगळ्या वाटांचे योगदान धरायचे, आणि प्रत्येक वाटेला एक कला, म्हणजे तरंगाच्या आंदोलनातला टप्पा, जोडायची. ही कला म्हणजे त्या वाटेवरची ‘क्रिया’ (ऊर्जा गुणिले काळ या जातीची राशी) भागिले प्लँकचा स्थिरांक. कॅरमच्या बोर्डवरची पाच ग्रॅमची सोंगटी घ्या. ती सेकंदाला एक मीटर वेगाने अर्धा मीटर सरकली, तर हे गुणोत्तर दहाच्या ३१ व्या घाताच्या घरात जाते. सोंगटीची वाट केसाच्या सहस्रांशाने बदलली तरी कला अगणित फेरे फिरते, आणि शेजारशेजारच्या वाटांची योगदाने एकमेकांना पुसून टाकतात. फक्त एका वाटेच्या आसपास क्रिया जवळजवळ बदलत नाही, म्हणून तिथली योगदाने टिकतात. ती वाट म्हणजे न्यूटनची सरळ रेषा. न्यूटनचा नियम सोंगटीवर बाहेरून लादलेला नाही, तो असंख्य वाटांच्या आपसांतल्या रद्दबातलीतून उरलेला आहे. पदार्थविज्ञानात मला याहून सुंदर हिशेब क्वचितच भेटला आहे.

एरेनफेस्ट यांनी १९२७ मध्येच हे वेगळ्या भाषेत सिद्ध केले होते: तरंगपुंजाची, म्हणजे कणाच्या एकवटलेल्या तरंगाची, सरासरी जागा न्यूटनसारखी चालते. मात्र तरंगपुंज अरुंद हवा. तो इतका पसरला की त्याच्या दोन टोकांवरचे बल वेगळे झाले, तर सरासरी आणि न्यूटन यांची फारकत होते. प्लँकचा स्थिरांक लहान आहे या उत्तराचा सगळा जीव या अटीत आहे. तरंगपुंज अरुंद राहतो का?

पुन्हा सोंगटीकडेच जाऊ. अनिश्चितता तत्त्वानुसार, दोन टकरींच्या मधल्या पाचव्या हिश्शाच्या सेकंदात या सोंगटीच्या जागेत जी किमान संदिग्धता शिल्लक राहते, ती प्रोटॉनच्या आकाराच्या काही टक्क्यांएवढी आहे. एवढ्याशाने काय होणार, असे वाटेल. पण सोंगटी गोल आहे. दुसऱ्या सोंगटीवर आदळताना जागेतली चूक कोनात उतरते आणि पुढच्या टकरीपर्यंत ती साधारण दहा ते पंधरा पट होते. घर्षण नसलेला बोर्ड कल्पून गुणाकार करत गेलो, तर बारा ते पंधरा टकरींत ती चूक सोंगटीच्या आकाराएवढी होते. पुढची टक्कर होणार की हुकणार, हे त्यानंतर लाप्लासच्या बुद्धीलाही सांगता येणार नाही, कारण सुरुवातीची जागा त्याहून नेमकी नव्हतीच. खऱ्या बोर्डवर पावडर कितीही टाकली तरी सोंगटी चार-सहा टकरींत थांबते, म्हणून खेळ कौशल्याचा राहतो. हवेच्या रेणूंना असे थांबणे नाही.

लाप्लासचा ‘तसूभर’ इथे उलटतो. जिथे चूक गुणाकाराने वाढते, त्या गोंधळी व्यवस्थांत प्लँकचा स्थिरांक लहान असल्याचा फायदा फक्त लॉगॅरिदमने मिळतो. तो आणखी हजारपट लहान असता, तरी बोर्डवर जेमतेम एक-दोन टकरी वाढल्या असत्या. शनीचा हायपेरिऑन हा उपग्रह याचे मोठे उदाहरण आहे. तो ओबडधोबड आहे, लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि शनीभोवती फिरताना तो वेड्यावाकड्या कोलांट्या खातो. हे १९८४ मध्ये विस्डम, पील आणि मिन्यार या तिघांनी गणिताने दाखवले. त्याच्या दिशेतली चूक दीड महिन्याच्या आसपास अडीच-पावणेतीन पट होते. लॉस अ‍ॅलामॉसच्या वॉयचेख झुरेक यांनी त्याची क्रिया प्लँकच्या स्थिरांकाने भागली, तर उत्तर दहाच्या ७७ व्या घाताचे आले. संख्या अवाढव्य, पण तिचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला तर सुमारे १७७. त्याला ४२ दिवसांनी गुणले की वीस वर्षे. म्हणजे हायपेरिऑन विश्वात एकटा असता, तर वीस वर्षांत तो एकाच वेळी सगळ्या दिशांना तोंड करून असलेल्या अवस्थेत गेला असता. सौरमालेचे वय साडेचार अब्ज वर्षे आहे. आणि १९८१ मध्ये व्हॉयेजर-२ ने त्याची छायाचित्रे पाठवली, तेव्हा तो एकाच दिशेला तोंड करून होता.

या आकड्यावर वाद आहे, आणि तो सांगितला पाहिजे. वीब आणि बॅलेंटाइन यांनी २००५ मध्ये दाखवले, की नुसत्या सरासऱ्या पाहिल्या तर क्वांटम आणि न्यूटनचे हिशेब एकटेपणातही जुळलेलेच राहतात. सरासऱ्यांपुरते मला ते मान्य आहे. पण आपण पाहतो तो एक हायपेरिऑन, हायपेरिऑनांची सरासरी नव्हे. त्याची एकच दिशा का दिसते, हा प्रश्न उरतोच, आणि आकाराच्या मोठेपणाने तो सुटत नाही.

तो सुटायला जिथे सुरुवात झाली ती जागा फार जुनी आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही अशी माझी तक्रार आहे. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमॉव्ह यांनी अल्फा किरणोत्सर्गाचे क्वांटम स्पष्टीकरण दिले. त्यानुसार अल्फा कणाचा तरंग अणुकेंद्रकातून बाहेर पडतो तो गोलाकार, सर्व दिशांना सारखा. पण विल्सन यांच्या मेघकोष्ठात, म्हणजे अतिसंपृक्त बाष्पाने भरलेल्या काचेच्या पेटीत, अल्फा कण काय करतो? थेंबांची सरळ, बारीक रेघ ओढतो. तरंग गोल असताना रेघ सरळ का? पेटीभर विखुरलेले ठिपके का उमटत नाहीत?

१९२९ मध्ये नेव्हिल मॉट या चोविशीतल्या तरुणाने हे गणित मांडले. त्याने अल्फा कण सुटा धरला नाही, पेटीतले दोन अणूही हिशेबात घेतले आणि विचारले, की हे दोन्ही अणू एकाच वेळी आयनीभूत होण्याची शक्यता किती? उत्तर आले: ते दोन अणू आणि किरणोत्सर्गी केंद्रक एका रेषेत असतील तरच नाव घेण्याजोगी, नाहीतर शून्याच्या जवळ. कुणी डोळा लावून पाहण्याची गरज नाही, प्रत्येक थेंबापाशी वेगळा चमत्कार मानायचीही नाही. रेघेचा सरळपणा कण आणि बाष्प यांच्या देवघेवीतून आपोआप आला. पण एक गोष्ट मॉटच्या गणितातून आली नाही: रेघ कोणत्या दिशेला उमटेल. ती दिशा नशिबावरच राहिली. रेघ सरळ असणार हे नक्की, ती कुठे जाणार हे नक्की नाही. आपल्या जगातल्या नियतत्वाची सगळी घडण या काचेच्या पेटीत दिसते.

या कल्पनेला व्यापक रूप मिळायला चाळीस वर्षे लागली. हायडेलबर्गचे डीटर त्से यांनी १९७० मध्ये, आणि नंतर झुरेक यांनी १९८१-८२ मध्ये दाखवले, की कोणतीही वस्तू भोवतालाशी सतत गुंतत असते. हवेचा रेणू आपटतो, प्रकाशकण परततो, आणि प्रत्येक जण वस्तू कुठे आहे याची खूण घेऊन जातो. ‘इथे’ आणि ‘तिथे’ या दोन शक्यतांमधले नाते त्या खुणांबरोबर भोवतालात इतके विखुरते, की ते पुन्हा एकत्र आणून व्यतिकरण, म्हणजे तरंगांनी एकमेकांत मिसळून उमटवलेले पट्टे, दाखवणे अशक्य होते. भौतिकशास्त्रज्ञ याला डीकोहिअरन्स म्हणतात. योस आणि त्से यांनी १९८५ मध्ये त्याचे आकडे काढले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा धुळीचा कण घ्या आणि तो अंतराळात नेऊन ठेवा, जिथे हवा नाही, सूर्य नाही, फक्त महास्फोटानंतर उरलेले क्षीण सूक्ष्मलहरी प्रारण आहे. स्वतःच्या आकाराएवढ्या अंतरावरच्या दोन जागी एकदम असण्याची त्याची क्षमता तिथेसुद्धा सुमारे एका सेकंदात संपते. आपल्या खोलीतल्या हवेत तर ती संपायला सेकंदाचा अब्जांशही पुष्कळ झाला.

हायपेरिऑनवर ऊन पडते, धूळ पडते. चंद्रावरही पडते. तरंगपुंज पसरण्याच्या आधीच भोवताल त्याला पुन्हा पुन्हा अरुंद करतो. अरुंद राहिला की एरेनफेस्टचे गणित लागू होते, आणि त्या गणितातून न्यूटन निघतो. इथे एक उलटी गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी असे मला वाटते. आपण समजतो की बाहेरचा गोंगाट जितका कमी, तितके भाकीत पक्के. जागा आणि वेग यांच्या भाषेतल्या भाकितासाठी थोडा गोंगाटच लागतो. चंद्र जागेवर दिसतो याचे कारण सूर्याचा प्रकाश त्याची जागा क्षणोक्षणी सगळ्या दिशांना जाहीर करतो आहे, हेच आहे. तो पूर्ण एकाकी असता, तर श्रोडिंगरचे काटेकोर समीकरण तेवढे उरले असते आणि वेळापत्रक कालांतराने हरवले असते.

हे कागदावरचे तत्त्वज्ञान नाही. १९९६ मध्ये पॅरिसमध्ये सर्ज आरोश यांच्या गटाने आरशांच्या पोकळीत मोजके प्रकाशकण अडकवून डीकोहिअरन्स होताना टिपला. दोन शक्यतांतले अंतर वाढवले की तो अधिक वेगाने झाला, सिद्धांत सांगतो तसाच. आरोश यांना २०१२ चे नोबेल मिळाले. व्हिएन्नात १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंच्या रेणूचे व्यतिकरण दिसले, आणि २०१९ पर्यंत सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूंपर्यंत मजल गेली. मला सर्वांत बोलका वाटतो तो तिथलाच २००४ चा प्रयोग. सत्तर कार्बन अणूंचा रेणू लेसरने तापवत नेला. तापलेला रेणू लोखंडासारखा प्रकाश टाकू लागतो आणि त्या प्रकाशातून त्याची जागा फुटते. तापमान वाढत गेले तसे व्यतिकरणाचे पट्टे फिकट होत गेले आणि शेवटी नाहीसे झाले. ते प्रकाशकण कुणी मोजले नाहीत, कुणी पाहिले नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. व्याख्यानमालांत, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि अध्यात्माच्या पुस्तकांत हल्ली वारंवार सांगितले जाते, की पाहणाऱ्याच्या जाणिवेने वास्तव निर्माण होते हे क्वांटम विज्ञानाने सिद्ध केले. सांगणाऱ्यांची श्रद्धा प्रामाणिक असेल, पण हे सिद्ध झालेले नाही. व्हिएन्नातले पट्टे पुसायला कुणाचीही जाणीव लागली नाही. मेंदूत क्वांटम अवस्था टिकून विचार घडवतात, असे रॉजर पेनरोज यांच्यासारखे मोठे गणिती मानतात. पण मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये काढलेल्या हिशेबात मेंदूच्या ओलसर उबेत अशा अवस्था सेकंदाच्या दहा लाख-कोट्यंशाच्याही आत मोडतात. पेनरोज यांच्या सहकाऱ्यांना तो हिशेब मान्य नाही, तरी पुरावा देण्याचा भार त्यांच्यावरच आहे. क्वांटम नशिबातून इच्छास्वातंत्र्य काढणेही तितकेच पोकळ. माझा निर्णय एखाद्या अणूच्या फुटण्यावर ठरला, तर मी अधिक स्वतंत्र कसा झालो?

पण दुसऱ्या बाजूच्या अतिउत्साहाबद्दलही बोलले पाहिजे. डीकोहिअरन्सने सगळे सुटले, असे काही भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात. ते तसे नाही. भोवताल शक्यतांना एकमेकींपासून तोडतो, त्यांतली एक निवडत नाही. मॉटच्या पेटीत रेघेची दिशा जशी उरली, तसाच हा प्रश्न उरतो. एव्हरेट १९५७ मध्ये म्हणाले की सगळ्याच शक्यता घडतात, वेगवेगळ्या शाखांत. बोम यांनी १९५२ मध्ये कणांना खऱ्याखुऱ्या वाटा दिल्या आणि नियतत्व तळाशी परत आणले, पण त्यासाठी दूरवरच्या कणांना क्षणात एकमेकांवर परिणाम करू द्यावा लागला. गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये समीकरणच बदलून त्यात आपोआप कोसळणे घातले. या तिसऱ्या मताची प्रयोगाने परीक्षा घेता येते, म्हणून मला ते वैज्ञानिकदृष्ट्या सर्वांत धाडसी वाटते. ते खरे आहे असे म्हणण्याइतका पुरावा मात्र आजवर मिळालेला नाही. निवड कशी होते हे माणसाला अजून कळलेले नाही, आणि कळले आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

यातून नियतत्ववादाचे काय होते? लाप्लासचा दावा सार्वत्रिक होता, तो गेला. राहिले ते अटींवरचे नियतत्व. क्रिया मोठी हवी, भोवताल जागा जाहीर करणारा हवा, आणि चुका गुणाकाराने वाढत नसाव्यात. चंद्र आणि पृथ्वी तिन्ही अटी पाळतात, निदान कोट्यवधी वर्षांच्या आत. हायपेरिऑन तिसरी पाळत नाही, पुढच्या महिन्याचे हवामानही नाही.

आणि आकार ही अट नाही, हे रोज अधिक स्पष्ट होते आहे. २०२५ चे नोबेल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळाले ते १९८४-८५ च्या प्रयोगांसाठी. त्यांत हातात धरता येईल अशा विद्युत मंडलाने, पुरेसे थंड आणि अलिप्त ठेवल्यावर, क्वांटम बोगद्यातून पार होऊन दाखवले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तशाच अतिवाहक मंडलांवर काम चालते. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत तर चाळीस किलोंचे आरसे प्रकाशाच्या क्वांटम चढउतारांनी हलतात, एका मीटरच्या दहाच्या २० व्या घाताने भागलेल्या भागाएवढे. २०२० मध्ये ते मोजलेही गेले. या वेधशाळेची भारतीय शाखा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथल्या आरशांच्या या क्वांटम थरथरीचा बंदोबस्त करणे हा तिथे नेमल्या जाणाऱ्या अभियंत्यांच्या रोजच्या कामाचा भाग असेल.